तनाख समजून घेताना: एक नाव, तीन भाग, चोवीस पुस्तकं

यहुदी लोकांच्या धर्मग्रंथाचं नाव काय, असं मराठीत विचारलं तर बहुधा 'जुना करार' हे उत्तर मिळतं. कुणी 'तोरा' म्हणतं. दोन्ही उत्तरं पूर्ण चुकीची नाहीत, पण दोन्हींत गफलत आहे. 'जुना करार' हे ख्रिस्ती परंपरेनं ठेवलेलं नाव, आणि तोरा हा त्या ग्रंथाचा पहिला भाग. संपूर्ण ग्रंथाचं यहुदी नाव आहे तनाख.

ज्यांना या विषयाची काहीच ओळख नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. नुसती यादी पाठ केली तर चार दिवसांत विसरते, म्हणून हातानं करून बघायचा मार्ग सांगतो. घरातलं किंवा ग्रंथालयातलं मराठी बायबल घ्या. जुन्या कराराची अनुक्रमणिका एका कागदावर उतरवा किंवा तिची झेरॉक्स काढा. एक पेन्सिल घ्या. समोर ३९ नावं दिसतील, 'उत्पत्ती'पासून 'मलाखी'पर्यंत. या ३९ नावांतून यहुदी परंपरेची २४ पुस्तकं, त्यांच्या क्रमानं, तुम्हाला स्वतःला लावायची आहेत. मजकूर तोच राहतो, पण मांडणी बदलली की ग्रंथ वेगळी गोष्ट सांगू लागतो, आणि हे कागदावर केल्याशिवाय नीट कळत नाही.

तुमच्या हाती कॅथलिक बायबल असेल, वसईकडच्या किंवा गोव्यातल्या घरांत ते असण्याची शक्यता मोठी, तर यादी ३९ पेक्षा लांब भरेल. तोबित, यहुदीथ, ज्ञानग्रंथ, बेन सिराचं पुस्तक, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तकं आधी बाजूला काढा. ती तनाखात नाहीत. हनुक्का या सणामागची लढाईची हकिगत मक्काबींच्या पुस्तकांत आहे. म्हणजे सण यहुदी लोकांचा, पण त्याची कथा त्यांच्या धर्मग्रंथाबाहेर राहिली.

पायरी १: नाव उलगडून घ्या

तनाख हा मुळात शब्दच नाही. तीन शब्दांची आद्याक्षरं जोडून तो तयार झाला: तोरा, नेवीईम, केतुवीम. अर्थ अनुक्रमे शिकवण, संदेष्टे आणि लेख, म्हणजे लिहिलेलं. त, न, क अशी तीन व्यंजनं. हिब्रूत मूळ अक्षरं व्यंजनांचीच असल्यामुळे अशा आद्याक्षरांच्या नावांत बोलण्यासाठी मध्ये 'अ' किंवा 'आ' भरतात. नाव संक्षिप्त आहे हे कळावं म्हणून लिहिताना शेवटच्या दोन अक्षरांमध्ये दोन छोट्या रेघा देतात.

मग केतुवीमच्या 'क'चा 'ख' कसा झाला? हिब्रूत हे एकच अक्षर शब्दाच्या आरंभी 'क' आणि शेवटी 'ख' असं उच्चारलं जातं. हा 'ख' आपल्या खडूतला नव्हे. तो घशातून, उर्दूतल्या 'ख़बर'सारखा येतो.

'ब' आणि 'व' यांचंही तसंच आहे. दोघांचं अक्षर एक. आजच्या इस्राएलमध्ये 'नेवीईम' म्हणतात, तर जुन्या पूर्वेकडच्या उच्चारात 'नेबीईम'. याचा पुरावा रायगड जिल्ह्यातच सापडतो. अलिबागच्या परिसरातले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, ज्याच्या नावानं मलिद्याचा विधी करतात, तो 'एलियाहू हन्नाबी'. यातला 'नाबी' म्हणजे संदेष्टा, आणि त्याचं अनेकवचन नेबीईम. त्या घरांत तनाखाच्या दुसऱ्या भागाचं नाव मलिद्याच्या ताटाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या घेतलं गेलं आहे.

तनाखासाठी आणखी एक शब्द वापरतात, मिक्रा. अर्थ 'जे वाचायचं ते', मोठ्यानं वाचायचं. अरबीतला 'कुराण' हा शब्द याच धातूच्या अरबी भावंडापासून आला. हे पुस्तक डोळ्यांआधी कानांसाठी आहे, हे मिक्रा या शब्दात जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं तनाखात दिसत नाही, म्हणून मला तो अधिक आवडतो.

'जुना करार' का म्हणू नये? ज्यांना 'नवा करार' मान्य आहे त्यांच्यासाठी आधीचा करार जुना. यहुदी माणसासाठी देवाशी झालेला करार एकच, आणि तो चालू आहे. ख्रिस्ती मित्राशी बोलताना 'जुना करार' म्हणण्यात काहीच चूक नाही. यहुदी माणसाशी बोलताना 'तनाख' म्हणावं.

पायरी २: पहिल्या पाच नावांना कंस घाला

अनुक्रमणिकेतली पहिली पाच नावं, उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद, यांना एक कंस घाला आणि बाजूला 'त' लिहा. ही तोरा. इथे क्रमात काहीच फरक नाही. यहुदी, कॅथलिक, प्रोटेस्टंट, सगळ्यांकडे ही पाच याच क्रमानं येतात.

नावं मात्र वेगळी आहेत. मराठी नावं विषयावरून पडली, हिब्रू नावं आरंभीच्या शब्दांवरून. आपण 'सुंदर ते ध्यान' म्हटलं की अख्खा अभंग डोळ्यांसमोर येतो, वेगळं शीर्षक लागत नाही. तसंच हे. उत्पत्तीचं नाव बेरेशीत, म्हणजे 'आरंभी'. निर्गमाचं शेमोत, म्हणजे 'नावं', कारण पुस्तक मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, आलेल्या याकोबाच्या मुलांच्या नावांनी सुरू होतं. लेवीयचं वायिक्रा, 'आणि त्यानं हाक मारली'. गणनाचं बामिदबार, 'अरण्यात'. अनुवादाचं देवारीम, 'वचनं'. कंसाच्या आत ही पाच नावं लिहून घ्या. बामिदबार म्हटलं की चाळीस वर्षांची भटकंती आठवते आणि 'गणना' म्हटलं की शिरगणती. पुस्तकात दोन्ही आहे, पण वाचणाऱ्याचं लक्ष कुठे जावं हे नावानं ठरतं.

पाचव्या पुस्तकाच्या मराठी नावाशी मात्र थांबावं असं आहे. 'अनुवाद' वाचून आजच्या वाचकाला भाषांतर आठवतं आणि तो गोंधळतो. इथला अर्थ जुना, संस्कृतातला आहे: आधी सांगितलेलं पुन्हा सांगणं. इस्राएली लोकांचा पुढारी मोशे मरणाआधी त्यांना सगळा वृत्तान्त आणि सगळे नियम पुन्हा सांगतो, तेच हे पुस्तक. हिब्रू परंपरेत त्याला 'मिश्ने तोरा' असंही म्हणतात, म्हणजे तोरेची पुनरुक्ती. मराठी भाषांतरकारांनी इतका नेमका शब्द निवडला होता. पुढे भाषाच सरकली.

'तोरा' या शब्दाचं मराठी बायबलात 'नियमशास्त्र' झालं, कारण ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी 'नोमोस', म्हणजे कायदा, हा शब्द वापरला होता. हिब्रू धातूचा अर्थ दिशा दाखवणं, शिकवणं असा आहे. तोरेत नियम भरपूर आहेत, पण बेरेशीतची ५० प्रकरणं जवळजवळ सगळी कथाच आहे. 'शिकवण' म्हटलं की दोन्ही मावतं.

तोरा हा शब्द दोन मापांचा आहे, हेही इथेच सांगून ठेवतो. अरुंद अर्थानं ही पाच पुस्तकं. व्यापक अर्थानं सगळी यहुदी विद्या, अगदी इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेली मिश्ना, म्हणजे तोंडी नियमांचा संग्रह, आणि तिच्यावरची तालमूदची चर्चाही 'तोंडी तोरा' म्हणून तिच्यात येते. कुणी 'तोरा शिकतो' म्हणालं तर समोर पहिली पाच पुस्तकंच असतील असं धरू नका. आणि तालमूद तनाखाचा भाग नाही.

तोरा सभास्थानात, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळात, पुस्तकातून वाचत नाहीत. ती चर्मपत्राच्या गुंडाळीवर हातानं लिहिलेली असते. तिला सेफेर तोरा म्हणतात. लिहिणारा तो सोफेर. परंपरेच्या मोजणीनुसार ३,०४,८०५ अक्षरं. स्वरचिन्हं नाहीत, वाक्यं तोडणाऱ्या खुणा नाहीत, ओव्यांना असतात तसे क्रमांक नाहीत. एखादं अक्षर तुटलं किंवा पुसलं गेलं तर दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनाला चालत नाही. वाचणारा चर्मपत्राला बोट लावत नाही, 'याद' नावाच्या दर्शकानं ओळ दाखवतो. आणि हे वाचन सुरांत असतं. सूर आणि स्वर गुंडाळीवर नसल्यामुळे वाचणाऱ्याला ते आधी घोटून यावं लागतं.

वाचनासाठी तोरेचे ५४ भाग केले आहेत. प्रत्येकाला पाराशा म्हणतात. दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, एक. जोडून आले तर दोन. वर्षभरात पारायण पूर्ण होतं. सिमहत तोरा या सणाच्या दिवशी देवारीमचा शेवट वाचतात आणि लगेच बेरेशीतचा आरंभ. शेवटाला मोशे नबो डोंगरावरून वचनाचा देश, म्हणजे देवानं द्यायचा कबूल केलेला देश, बघतो आणि तिथेच मरतो. नदी ओलांडत नाही. तोरा देशाच्या उंबरठ्यावर संपते. हे लक्षात ठेवा, शेवटच्या पायरीत लागेल.

पायरी ३: संदेष्ट्यांचे दोन गट शोधा

आता क्रम बदलायला लागतो. अनुक्रमणिकेत पुढे यहोशवा आणि शास्ते. त्यांना ६ आणि ७ क्रमांक द्या. रूथ सोडा, तिच्यावर हलकीशी फुली मारा. ती नंतर येईल. १ शमुवेल आणि २ शमुवेल यांना एकत्र कंस घालून ८ लिहा. १ राजे आणि २ राजे, मिळून ९. बाजूला 'न'.

हे चार म्हणजे 'आधीचे संदेष्टे'. इथे नवा वाचक हमखास अडतो: ही तर लढायांची आणि राजांची हकिगत, यांना संदेष्टे का म्हणायचं? उत्तर पुस्तकांच्या आत आहे. ही दरबारी बखर नव्हे. राजा किती जिंकला यापेक्षा तो कराराला जागला का, यावर त्याचा निकाल लागतो, आणि तो निकाल ऐकवायला संदेष्टा उभा राहतो. दावीद राजानं परक्याची बायको आणली आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मारवलं, तेव्हा नाथान संदेष्टा त्याला एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो. राजा संतापून शिक्षा फर्मावतो आणि नाथान म्हणतो, "तो मनुष्य तूच आहेस." २ शमुवेलचं १२ वं प्रकरण आजच वाचा. हा भाग 'संदेष्टे' का आहे, हे मग समजावून सांगावं लागणार नाही. एलियाहू हन्नाबीही इथेच भेटतो, राजांच्या पुस्तकात. त्याचा अग्निरथ २ राजेच्या दुसऱ्या प्रकरणात आहे.

रूथ मधून निघाल्यावर एक गोष्ट जाणवेल. यहोशवा देशात शिरतो तिथून इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्यानं यरुशलेम जाळलं तिथपर्यंत अखंड कथा लागते. मोशेला जो देश नुसता बघायला मिळाला, तो मिळाला कसा आणि हातचा गेला कसा, याची ही कथा. मध्ये रूथची शांत, घरगुती गोष्ट आली की हा ओघ तुटतो. ख्रिस्ती क्रमात ती तिथे आहे, कारण तिचं पहिलंच वाक्य 'शास्त्यांच्या काळी' असं आहे. कालक्रमानं ते बरोबरच आहे. हिब्रू मांडणीला कालक्रमापेक्षा दुसरं काही महत्त्वाचं वाटलं.

पुढे अनुक्रमणिकेत बरंच खाली जा. यशया १०, यिर्मया ११. विलापगीत सोडा. यहेज्केल १२. दानीएल सोडा. मग होशेयपासून मलाखीपर्यंतची बारा नावं एका मोठ्या कंसात घ्या आणि सगळ्यांना मिळून एकच क्रमांक द्या, १३. बाजूला पुन्हा 'न'. हे 'नंतरचे संदेष्टे'. बाराजणांच्या या एका पुस्तकाला 'त्रेई असार' म्हणतात; अरामी या हिब्रूच्या जवळच्या भाषेत बारा. ही पुस्तकं इतकी छोटी की सगळी एकाच गुंडाळीवर मावत. ओबद्याचं तर एकच प्रकरण आहे, २१ वचनांचं.

दानीएलला संदेष्ट्यांतून काढताना अनेकांना वाईट वाटतं. सिंहांच्या गुहेतला, स्वप्नांचे अर्थ सांगणारा दानीएल संदेष्टा नाही? आजच्या अभ्यासकांचं बहुमत असं की दानीएलचं पुस्तक त्याच्या सध्याच्या रूपात इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं आहे, आणि तोवर संदेष्ट्यांचा संग्रह बंद झाला होता. तालमूदमधल्या रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, वेगळ्या अंगानं विचार केला: हाग्गय, जखऱ्या, मलाखी हे संदेष्टे होते, दानीएल नव्हता, पण दृष्टान्त मात्र दानीएललाच दिसला. संदेष्टा लोकांपुढे उभा राहून देवाचा शब्द बोलतो. दानीएल तसा पाठवलेला नव्हता. हा भेद कळला की 'संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा' ही समजूत आपोआप गळते.

पायरी ४: उरलेली नावं म्हणजे केतुवीम

जे उरलं त्याला 'क'. क्रम असा लावा: स्तोत्रसंहिता १४, नीतिसूत्रे १५, ईयोब १६, गीतरत्न १७, रूथ १८, विलापगीत १९, उपदेशक २०, एस्तेर २१, दानीएल २२, एज्रा आणि नहेम्या मिळून २३, १ व २ इतिहास मिळून २४.

हिशेब ताडून पाहा. तोरा ५, संदेष्टे ८, लेख ११. बेरीज २४. आणि ३९ कसे झाले? शमुवेल, राजे, एज्रा आणि इतिहास यांचे दोन-दोन केले, म्हणजे चार वाढले. बाराजण सुटे मोजले, म्हणजे अकरा वाढले. २४ आणि १५ मिळून ३९. शमुवेल आणि राजे यांचे तुकडे ग्रीक परंपरेतून आले. हिब्रू छापील प्रतींत ते व्हेनिसच्या डॅनिएल बॉम्बर्गच्या छापखान्यातून १५१७ साली शिरले. म्हणून आज हिब्रू तनाख उघडलं तरी 'शमुवेल आलेफ' आणि 'शमुवेल बेत' दिसतील. मोजताना ते एकच.

पहिली तीन काव्यग्रंथांची जोडणी आहे. स्तोत्रसंहितेला तेहिल्लीम म्हणतात, स्तुती. 'हालेलुया'तही हाच धातू. १५० स्तोत्रं पाच भागांत आहेत, आणि तोरेची पाच पुस्तकं तशी दाविदाच्या स्तोत्रांचीही पाच, असं जुने रब्बी सांगत. नीतिसूत्रं म्हणजे मिश्ले. ईयोब म्हणजे इयोव. ईयोब, मिश्ले, तेहिल्लीम या उलट्या क्रमानं आद्याक्षरं घेतली तर 'एमेत' हा शब्द होतो, सत्य. लक्षात ठेवायला याहून चांगली खूण नाही.

नंतरची पाच छोटी पुस्तकं म्हणजे 'पाच मेगिल्लोत', पाच गुंडाळ्या. मघाशी रूथ आणि विलापगीत बाजूला ठेवली, ती इथे आली, कारण या पाचांना सणांनी एकत्र आणलं आहे. पेसाहला गीतरत्न. शावुओतला रूथ, कारण तो सुगीचा काळ आणि रूथची गोष्ट जव-गव्हाच्या कापणीतली. तिशा बे-आव या मंदिराच्या विनाशाच्या उपासाला विलापगीत, जमिनीवर किंवा खाली बसून, मंद उजेडात. सुक्कोतला उपदेशक. पुरीमला एस्तेर. काही समाजांत या प्रथांत कमीजास्त आहे, पण एस्तेर आणि विलापगीत सगळीकडे. छापील क्रम याच सणांच्या चक्रानं लागला आहे. पुस्तकांची मांडणी काळावर नाही, वापरावर झाली, असं मघाशी म्हणायचं राहिलं होतं ते हेच.

कोकणातल्या बेने इस्राएलांनी या सणांना मराठी नावं दिली होती. पुरीम हा होळीचा सण, कारण दोन्ही साधारण एकाच सुमारास येतात. तिशा बे-आव हा बिरड्याचा सण, उपासाशी जोडलेल्या जेवणातल्या बिरड्यावरून. ग्रंथ हाताशी नसताना या समाजानं शब्बाथ पाळला, म्हणून तर त्यांना शनिवार तेली म्हणत. पर आणि खवले असलेलीच मासळी खाल्ली, जो नियम वायिक्राच्या ११ व्या प्रकरणात आहे. आणि 'शेमा इस्राएल', म्हणजे 'हे इस्राएला, ऐक' हा प्रार्थनेचा मंत्र, जपला, जो देवारीम ६:४ मध्ये आहे. तनाखाची पानं नव्हती, पण त्यातलं स्वयंपाकघरात आणि ओठांवर टिकलं होतं. मला हे फार मोठं वाटतं. पुढे एकोणिसाव्या शतकात हगादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायचं पुस्तक, हिब्रू आणि मराठीत छापली गेली, तेव्हा ओठांवरच्या परंपरेला कागद मिळाला.

एस्तेर वाचताना पहिल्याच वचनात थांबा. राजा अहश्वेरोशाचं राज्य 'होदूपासून कूशपर्यंत', १२७ प्रांतांवर. होदू म्हणजे सिंधूकडचा देश. आजच्या हिब्रूतही भारताला होदूच म्हणतात. याच हिब्रू पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही.

दानीएल आणि एज्रा यांत काही प्रकरणं हिब्रूत नसून अरामीत आहेत. दानीएल २:४ च्या मध्यातच भाषा बदलते, जिथे खास्दी लोक राजाशी बोलू लागतात. भाषांतरात हा सांधा दिसत नाही, म्हणून पेन्सिलीनं खूण करून ठेवा.

केतुवीमचा क्रम सगळीकडे सारखा नाही, हेही माहीत असू द्या. १००८-०९ च्या सुमाराची, पूर्ण तनाख असलेली सगळ्यांत जुनी प्रत सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे, लेनिनग्राद प्रत नावानं ओळखली जाणारी. तिच्यात इतिहास हे पुस्तक केतुवीमच्या आरंभी आहे. तालमूदच्या यादीत आणि नेहमीच्या छापील प्रतींत ते शेवटी. तोरेत असा फरक चालत नाही. तिसऱ्या भागात चालतो, कारण तो सगळ्यांत उशिरा घट्ट झाला. बेन सिराच्या नातवानं इ.स.पू. १३२ च्या थोडं नंतर आजोबांच्या ग्रंथाला ग्रीक प्रस्तावना लिहिली, तिच्यात 'नियमशास्त्र, संदेष्टे आणि इतर पुस्तकं' असं म्हटलं आहे. पहिल्या दोन भागांना नावं होती, तिसऱ्याला अजून नव्हतं.

पायरी ५: संदर्भ शोधताना घ्यायची काळजी

प्रकरणांचे क्रमांक मूळ हिब्रूत नव्हते. ते तेराव्या शतकात स्टीफन लँग्टन या ख्रिस्ती विद्वानानं पाडलेल्या प्रकरणांवरून आले आणि सोयीचे म्हणून यहुदी प्रतींनीही घेतले. तरी काही ठिकाणी क्रमांक जुळत नाहीत. स्तोत्रांचं शीर्षक हिब्रूत वचन म्हणून मोजतात, त्यामुळे ५१ व्या स्तोत्रात मराठीतलं पहिलं वचन हिब्रूत तिसरं. योएलची मराठीत तीन प्रकरणं, हिब्रूत चार. मलाखीची उलट, मराठीत चार आणि हिब्रूत तीन. दिलेल्या ठिकाणी वचन सापडलं नाही तर एक-दोन वचनं मागंपुढं बघा.

दुसरी काळजी देवाच्या नावाची. मूळ चार अक्षरी नाव यहुदी लोक उच्चारत नाहीत. प्रार्थनेत त्याजागी 'अदोनाय' म्हणतात, बोलताना 'हाशेम', म्हणजे 'ते नाव'. मराठी पवित्र शास्त्रात तिथे 'परमेश्वर' आहे. मोठ्यानं वाचताना तेच वाचा.

पायरी ६: तीन भाग डोळ्यांनी बघा

मुंबईत १७९६ पासूनचं शार हरहमीम, पुण्यात १८६७ चं लाल विटांचं ओहेल डेव्हिड, ज्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात, अलिबागेत मागेन आबोथ: महाराष्ट्रात सभास्थानं आहेत. आधी विचारून, ओळखपत्र घेऊन जा, पुरुषांनी डोकं झाका. शनिवारी छायाचित्रं काढू नका.

वाचनाच्या वेळी गेलात तर तनाखाची उतरंड समोर घडताना दिसेल. यरुशलेमच्या दिशेच्या भिंतीतलं कपाट, हेखाल, उघडतात. सगळे उभे राहतात. सेफेर तोरा बाहेर येते, आणि शब्बाथला एकामागून एक सातजणांना तिच्यासाठी बोलावलं जातं. मग नेवीईममधला एक उतारा, हफ्तारा, वाचला जातो. संपूर्ण नेवीईम असं क्रमानं वाचत नाहीत, निवडक उतारेच. केतुवीममधली स्तोत्रं प्रार्थनेत विणलेली असतात आणि मेगिल्लोत आपापल्या सणांना येतात. पहिला भाग अखंड, दुसरा निवडून, तिसरा प्रसंगानं.

पायरी ७: कुठून वाचायला लागावं

पहिल्या पानापासून सरळ वाचत जायचा बेत बहुतेकांचा वायिक्राच्या यज्ञविधींत अडकतो. मी असं सुचवीन: बेरेशीत पूर्ण वाचा. शेमोतची पहिली वीस प्रकरणं वाचा, मिसरातून सुटकेपासून सीनायवरच्या दहा आज्ञांपर्यंत. मग देवारीमचं ६ वं आणि ३४ वं प्रकरण. नेवीईममधून १ शमुवेल, आणि चार प्रकरणांचा योना, जो योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, दुपारी वाचतात. केतुवीममधून रूथ एका बैठकीत, नंतर एस्तेर, आणि रोज एक स्तोत्र. ईयोबला घाई करू नका. नंतर पाराशांच्या वेळापत्रकाप्रमाणे तोरा वर्षभर वाचता येईल.

पण त्याआधी तुमच्या कागदावरच्या २४ व्या क्रमांकाशी या. ख्रिस्ती क्रमात जुना करार मलाखीनं संपतो: एलिया, म्हणजे एलियाहू, पुन्हा पाठवला जाईल, असं वचन. पान उलटलं की शुभवर्तमान. हिब्रू छापील तनाख इतिहासानं संपतं. २ इतिहास ३६:२३ उघडा, आणि शेजारी एज्रा १:१-३ ठेवा. दोन्हीकडे फारसचा राजा कोरेश जाहीरनामा काढतो: देवानं मला यहूदातल्या यरुशलेमेत त्याच्यासाठी मंदिर बांधायला सांगितलं आहे, तुमच्यापैकी जो त्याच्या लोकांतला असेल त्यानं वर जावं. एज्रात वाक्य पुढे चालू राहतं, कुठे जावं, काय बांधावं. इतिहासात ते तिथेच तुटतं. शेवटचा शब्द 'वेयाअल', आणि त्यानं वर जावं.

मोशे जिथे पोचू शकला नाही, त्या वाटेवर हा शब्द आहे. याच धातूचा शब्द 'आलिया': सभास्थानात तोरेच्या वाचनाला वर बोलावणं म्हणजे आलिया, आणि इस्राएलला जाऊन वसणं म्हणजेही आलिया. १९४८ नंतर कोकणातली, मुंबईतली हजारो बेने इस्राएल माणसं लोद, दिमोना, बेर-शेवा इथे गेली, ती याच शब्दानं. तिथून 'मायबोली' हे त्यांचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे.